कोडमधे कमिट होतं, पण टेबल मायआयसॅम

धरणगावकडच्या एका जिनिंगवर कापसाचा सीझन जोरात, गेटबाहेर पिकअप न् ट्रॅक्टरची लाईन, आणि भर दुपारी लाईट गेली. जनरेटर चालू होईपर्यंत सर्व्हर बंद पडलेला, कारण यूपीएसची बॅटरी केव्हाचीच मेलेली. लाईट आल्यावर काट्याच्या सॉफ्टवेअरवर एकच एरर, टेबल इज मार्क्ड ॲज क्रॅश्ड. मला फोन आला न् मी जळगावहून गाडी काढली.

पोचल्यावर आधी मायएसक्यूएल, म्हणजे सॉफ्टवेअरमागचा डेटाबेस, बंद करून टेबलाच्या एमवायडी (डेटा), एमवायआय (इंडेक्स) फायलींची कॉपी बाजूला काढली. हे कराच, रिपेअर मधेच फसलं तर आहे तो डेटा पण जाऊ शकतो. मग रिपेअर टेबल चालवलं, टेबल उघडलं, सगळे खुश. पण मुनीमजी म्हणे एक पट्टी जुळत नाही. एक आबा काटापट्टी हातात धरून उभे, "भाऊ, मनं वजन शे ना कॉम्प्युटरमा?" वजन होतं हो, पण खात्यावर रक्कमच नाही!

रिपेअरने फाईल नीट होते, दुसऱ्या टेबलात जायची राहिलेली नोंद त्याला कुठून कळणार. कोड उघडला तर स्टार्ट ट्रान्झॅक्शन, कमिट सगळं बरोबर लिहिलेलं, म्हणजे वजन न् रक्कम दोन्ही नोंदी एकत्र पक्क्या, नाहीतर एकही नाही. मग टेबल स्टेटस बघितलं, इंजिन (टेबल साठवायची पद्धत) मायआयसॅम. त्याच्यात ट्रान्झॅक्शन हा प्रकारच नाही, प्रत्येक इन्सर्ट (नवी नोंद) जागेवर पक्का, आणि कमिट आलं तर गपचूप ओके, एरर पण नाही. म्हणून तर इतकी वर्षं कोणाला पत्ता लागला नाही. मायएसक्यूएल 5.5 पासून, म्हणजे 2010 पासून, डिफॉल्ट इंजिन इनोडीबी आहे, त्यात ट्रान्झॅक्शन चालतं, पण हा डेटाबेस त्याच्या आधीचा, दर नव्या मशीनवर डंप (अख्ख्या डेटाबेसची एक्स्पोर्ट फाईल) घेऊन टाकलेला, आणि डंपमधे प्रत्येक टेबलाचं जुनं इंजिन लिहिलेलंच असतं. मोठा रिपोर्ट काढला की काटा अडकतो ही तक्रारपण त्यातलीच, मायआयसॅम अख्खं टेबल लॉक करतं.

आबांची रक्कम पट्टीवरून टाकली, दिवसभराच्या बाकी पट्ट्या मुनीमजींसोबत एकेक करून मिळवल्या. रात्री काटा बंद झाल्यावर पूर्ण बॅकअप घेऊन सगळी टेबलं अल्टर करून इनोडीबीवर नेली. मग मालकांसमोर एक डमी पट्टी टाकली, वजन गेलं, रक्कम जायच्या आधी सर्व्हरची वायर ओढली. चालू केल्यावर लॉगमधे क्रॅश रिकव्हरीच्या ओळी, इनोडीबी रीडो लॉग (झालेल्या बदलांची नोंद) वाचून पक्कं झालेलं परत आणतं न् कमिट न झालेलं अंडू लॉगवरून (बदलाआधीच्या स्थितीची नोंद) मागे घेतं. मुनीमजींनी तो पट्टी नंबर दोन्हीकडे शोधला, कुठेच नाही. मालकांनी तिथूनच बॅटरीवाल्याला फोन लावला.