सोडून दिलेलं कुत्रं: पकडण्यापासून नव्या घरापर्यंत

घरात वाढलेलं कुत्रं शहरात कुठेतरी सोडून दिलं, म्हणून ते लगेच रस्त्यावरचं होत नाही. रस्त्यावरच जन्मलेल्याला वाहनांची सवय असते, खायला कुठे मिळतं आणि दुसऱ्या टोळीची हद्द कुठून सुरू होते हे ठाऊक असतं. याला यातलं काहीच ठाऊक नसतं. जिथे सोडलं तिथेच ते घुटमळतं आणि थांबणाऱ्या प्रत्येक गाडीकडे आशेने धावतं. मानेभोवती पट्ट्याने दबलेल्या केसांची गोल खूण, वाढून वळलेली नखं आणि एकाच कोपऱ्यावर दिवसभर रेंगाळणं, एवढं दिसलं तरी ओळख पटते.

अशा कुत्र्याच्या मागे धावू नका. ते घाबरून एकदा ती जागा सोडून गेलं की परत सापडणं फार कठीण, आणि पळताना ते थेट वाहनांत शिरतं. याच कारणाने त्याचा नेमका ठावठिकाणा ग्रुपवर टाकू नये. चांगल्या मनाची दहा माणसं एकदम आली तरी त्याच्या दृष्टीने तो पाठलागच असतो. रोज एकाच वेळी, एकाच जागी, एकाच माणसाने खायला ठेवावं आणि थोडं दूर, त्याच्याकडे बाजू करून खाली बसावं. डोळ्यांत बघायचं नाही, वाकून डोक्यावर हात न्यायचा नाही. ते हातापर्यंत येऊ लागलं की सरकगाठीचा पट्टा गळ्यात अलगद घालता येतो. जवळ येतच नसेल तर पिंजरा लावावा लागतो. तोही लावून निघून जायचं नाही. दार पडलं की लगेच जाड कापड टाकून अंधार करायचा, नाहीतर ते जाळीवर दात आणि तोंड फोडून घेतं.

सुटका झाल्यावर हातातून निसटलेली कुत्री बरीच असतात. घाबरलेलं कुत्रं मागे रेटा देतं, मान खाली घालतं आणि हार्नेसमधून, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्यातून, सहज बाहेर पडतं. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे दोन दोऱ्या हव्यात, एक हार्नेसला आणि दुसरी गळ्यातल्या पट्ट्याला. गाडीचं दार उघडण्याआधी दोन्ही हातात घट्ट धरलेल्या असाव्यात.

पशुवैद्याकडे पहिलं काम मायक्रोचिप तपासण्याचं. ही ओळखीची बारीक चिप खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवतात, पण ती सरकून खांद्यावर किंवा पुढच्या पायापर्यंतही जाते, म्हणून स्कॅनर दोन्ही बाजूंनी, सावकाश, नागमोडी फिरवायला सांगा. चिपमध्ये मालकाचं नाव नसतं, जागाही कळत नाही. फक्त एक क्रमांक मिळतो, बहुधा 15 अंकी, आणि तो ज्या नोंदवहीत आहे तिथे विचारावं लागतं. हरवलेलं आणि सोडलेलं कुत्रं पहिल्या दिवशी सारखंच दिसतं, त्यामुळे शोध प्रामाणिकपणे घ्या. मात्र जाहिरातीत एखादी खूण मुद्दाम लिहू नका. हक्क सांगायला येणाऱ्याने ती स्वतःहून सांगितली पाहिजे.

हाडं वर आलेलं कुत्रं दिसलं की भांडं काठोकाठ भरावंसं वाटतं. ते जिवावर बेतू शकतं. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं, आणि पुढच्या काही दिवसांत अशक्तपणा, झटके, हृदयाचे ठोके चुकणं सुरू होतं. मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या दिवसभराच्या खाण्याचा ढोबळ हिशेब असा: आजचं वजन किलोत घ्या, 30 ने गुणा, त्यात 70 मिळवा. 15 किलोच्या कुत्र्याला 520 कॅलरी येतात. पहिल्या दिवशी याचा पाव भाग, म्हणजे 130, आणि तेही सहा वेळांत विभागून. मग चार-पाच दिवसांत पूर्ण मापावर या. फारच खंगलेलं असेल तर हे घरी करू नका, रक्ततपासणी चालू असतानाच खाणं वाढवावं.

घरात दुसरी कुत्री असतील तर नव्याला 14 दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळी चप्पल. आज उड्या मारणारं पिल्लू आठवड्याने पार्व्होने, म्हणजे कुत्र्यांच्या एका जीवघेण्या संसर्गाने, कोसळू शकतं. पार्व्होच्या विषाणूसाठी फिनाइलवर विसंबू नका. आधी घाण पूर्ण धुऊन काढा, मग घरगुती ब्लीचचा एक भाग 32 भाग पाण्यात रोजच्या रोज ताजा कालवून फरशीवर दहा मिनिटं ओला राहू द्या. हाताळताना चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रेबीजची लक्षणं दिसतात का, यासाठी कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावं लागतं.

स्वभावाचा निकाल पहिल्या आठवड्यात लावू नये. 'किती शांत आहे' असं ज्याच्याबद्दल वाटतं ते बऱ्याचदा भीतीने गोठलेलं असतं. साधारण तीन आठवड्यांनी खरी रूपं दिसतात: एकटं ठेवलं की दार खरवडणं, ताटलीजवळ कुणी आलं की गुरगुरणं. हे दत्तक घेणाऱ्याला स्पष्ट सांगा, कारण लपवलेला दोष आणि लहान पिल्लाचा गोड फोटो यांतूनच कुत्रं दुसऱ्यांदा रस्त्यावर येतं. नसबंदी कुत्रं दत्तक देण्याआधीच करून घ्या, 'नंतर करू' हे बहुधा राहूनच जातं. घर प्रत्यक्ष जाऊन बघा. गच्चीचा कठडा, फाटकाखालची फट, आणि घरातल्या प्रत्येकाची संमती.

आपलं कुत्रं सोडायचं म्हणून कुणी फोन केला तर त्याला झापू नका, कितीही राग आला तरी. तो फोन ठेवेल आणि रात्री कुत्रं कुठल्यातरी फाटकाला बांधून जाईल. कारण विचारा, चावणं, भुंकणं, घर बदलणं, उपचाराचा खर्च यांतल्या काहींवर तोडगा निघतो. निघाला नाही तर नवं घर मिळेपर्यंत त्याच्याकडेच ठेवायला सांगा आणि लसीकरणाचे कागद, सवयी, आजारपण सगळं लिहून घ्या. दत्तकाच्या करारातही एक कलम ठळक असू द्या: जमलं नाही तर, कितीही वर्षांनी, कुत्रं आमच्याकडेच परत.