छपराची सुटलेली कड

जूनचा शेवट होता, पावसाने दोन दिवस उघडीप दिलेली. साताऱ्यात वाढे फाट्याजवळच्या माझ्या गाड्यांच्या काचांच्या दुकानासमोर एक बुटकी लाल स्पोर्ट्स कार येऊन थांबली. दोन सीटची, स्टेअरिंग डाव्या हाताला. मालक मुंबईहून गोव्याला निघालेले. खंबाटकी घाट चढेपर्यंत ठीक होतं म्हणाले. सुरूरच्या पुढे सरळ रस्ता मिळाला, वेग वाढला आणि डोक्यावर फडफड सुरू झाली. आनेवाडी टोलनाक्यावर उतरून बघतात तर छपराची पुढची कड बोटभर उचललेली.

"मिस्त्री, लॉक ढिलं झालंय. तेवढं आवळून द्या, रात्री पणजी गाठायची आहे."

या गाडीचं मधलं छप्पर काढून डिकीत ठेवता येतं. अशा छपराला टार्गा म्हणतात. सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीवरून पोर्शने 1965 साली हे नाव आपल्या गाडीला दिलं आणि पुढे सगळ्यांच्याच तोंडी बसलं. ही गाडी दुसऱ्या कंपनीची होती. मी लॉक तपासले. तिन्ही पक्के. म्हणजे दुखणं वेगळंच.

खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि छपरावर कडेकडेने ठोकत गेलो. मागच्या बाजूला टक टक, भरीव आवाज. पुढे आलो तसा आवाज बद्द झाला. उचललेल्या कडेखाली दुकानाचं कार्ड सरकवलं, ते सगळंच्या सगळं आत गेलं. लॉक धरतात ते आतल्या धातूच्या फ्रेमला. वरचा फायबरचा पत्रा त्या फ्रेमला फक्त चिकटवलेला असतो आणि तो चिकटाच पुढून निम्म्यापर्यंत सुटला होता. लॉक कितीही आवळा, फ्रेम जागेवर राहील आणि वरचा पत्रा उडून जाईल.

हे मालकांना पटायला वेळ लागला. "थोडं सिलिकॉन भरा ना, हळू चालवतो." मी त्यांना रस्त्याकडे बघायला सांगितलं. एक माणूस मोटरसायकलवरून चालला होता, पुढे टाकीवर लहान मुलगी. म्हटलं, "साहेब, वेग दुप्पट झाला की छपराला वर खेचणारा जोर चौपट होतो. तुमच्या डोक्यावरून सुटलेलं मागच्याच्या तोंडावर जातं." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गोव्यासाठी दुसरी गाडी मागवली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

छप्पर उतरवून गादीवर पालथं घातलं. उरलेला चिकटा कापायला काच काढायचीच रीत वापरली: बारीक तार ओवायची, दोन्ही टोकांना मुठी, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाचा, करवतीसारखी ओढत न्यायची. घाई केली तर तार तापून तुटते. तासाभराने पत्रा अलग झाला आणि कारण समोर आलं. सुटलेल्या भागात चिकट्याची काळी पट्टी अख्खी पत्र्याला राहिली होती आणि तिची फ्रेमकडची बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. चिकटा मधून फाटला असता तर दोन्हीकडे खरबरीत राहिला असता. तो फ्रेमवरून सोलून निघाला होता, कारण त्याच्याखाली धातूवर पांढरी भुकटी धरली होती. मागच्या कोपऱ्यात आधी कुणीतरी सिलिकॉन भरून ठेवलेलं. त्याचा अंश जरी उरला तरी आमचा चिकटा धरत नाही. तो एक कोपरा साफ करायला अख्खी संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू घासल्या, पुसल्या, चिकटा नीट धरावा म्हणून त्याच्याखाली लावतात तो प्रायमर लावून वाळू दिला. प्रायमरच्या बाबतीत मी हट्टी आहे. धंद्याच्या पहिल्या वर्षी घाईत प्रायमर न लावता एका जीपची काच बसवली होती. आठवड्यात ती कोपऱ्यातून सुटली. कुणाला लागलं नाही, पण ती काच मी विसरलेलो नाही.

मग फ्रेम गाडीवर चढवून लॉक लावले. गादीवर चिकटवलं असतं तर फ्रेमचा बाक बदलून छप्पर पुन्हा बसलंच नसतं. कडेने 4 मिमी जाडीचे रबराचे तुकडे ठेवले. धातू आणि फायबर उन्हात सारखे वाढत नाहीत, म्हणून मध्ये चिकट्याचा लवचीक थर राहावा लागतो; दाबून सगळा बाहेर काढला तर जोड पुन्हा सुटणार. गनने चिकट्याची सलग त्रिकोणी धार सोडली, कुठेही न तोडता. पत्रा दोघांनी धरून खुणेवर टेकवला, मास्किंग टेपने ताणला आणि वर वाळूच्या पिशव्या सारख्या अंतरावर ठेवल्या.

संध्याकाळी सर आली. शेजारचे पेंटर पावसाला शिव्या घालत होते, मी खूश होतो. पृष्ठभाग कोरडा हवा, पण पॉलियुरेथेनचा चिकटा हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, दिवसाला साधारण 3 ते 4 मिमी. तरी तीन दिवस कुणालाही हात लावू दिला नाही.

चौथ्या दिवशी मालक आले. त्यांच्यासमोर नाणं ठोकलं, चारी बाजूंनी एकच आवाज. कार्ड कुठेच शिरेना. पाइपने पाणी मारलं, मग ते आणि मी नागठाण्यापर्यंत जाऊन आलो. जाताना मी सगळा वेळ तळहात आतून छपराला लावून बसलो होतो. परतताना त्यांनीही एक हात वर लावला.

जुनी काळी पट्टी दुकानात खिळ्याला टांगली आहे. नवीन पोरगा कामाला आला की भाचा आधी तिची गुळगुळीत बाजू त्याच्या बोटांना लावतो.