सात देश आणि खाली 'अदर': व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवायला लागतानाचा माझा अनुभव

बाहेरदेशी जाऊन इंग्रजी शिकवायचंय म्हटलं की ओळखीतलं प्रत्येक जण एकच विचारतं, "अगं पण आपला ॲक्सेंट चालतो का तिकडे?" खरं सांगू का, मी केलेल्या बहुतेक अर्जांमध्ये माझा ॲक्सेंट कोणी ऐकलाच नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये नॅशनॅलिटीचा ड्रॉपडाऊन असतो, त्यात सात देश आणि सगळ्यात खाली 'अदर'. 'अदर' दाबलं की थँक यू फॉर युअर इंटरेस्ट, विषय संपला.

ते सात देश, म्हणजे जिथल्या लोकांना इंग्रजीचे 'नेटिव्ह' म्हणजे जन्मापासून ती भाषा बोलणारे मानतात ते: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि साउथ आफ्रिका. कोरियात हा नुसता शाळेच्या मालकाच्या मर्जीचा मामला नाही, तिथल्या ई-२ व्हिसाचा नियमच तसा आहे. भारताबरोबर २०१० पासून जो व्यापार करार लागू झाला त्यात टीचिंग क्वालिफिकेशनवाल्या भारतीयांसाठी असिस्टंट टीचर म्हणून एक दार किलकिलं ठेवलंय, पण माझ्याकडे बीएड नव्हतं त्यामुळे ते माझ्या कामाचं नव्हतं. आणि गंमत बघा, साउथ आफ्रिकेत घरात इंग्रजी बोलणारे लोक दहा टक्क्यांहून कमी आहेत, तरी तो देश यादीत. त्या लोकांशी माझं काही भांडण नाही, उलट पुढे माझे सगळ्यात चांगले सहकारी तिकडचेच निघाले, पण 'नेटिव्ह' ठरवताना नक्की काय मोजतात हा प्रश्न पडतोच ना.

जपानचं आणखी वेगळं. तिथे शाळेत शिकवायचा इन्स्ट्रक्टर व्हिसा हवा तर इंग्रजी माध्यमात बारा वर्षं शिकल्याचा पुरावा मागतात. मी दहावीपर्यंत मराठी मीडियम. गेलं जपान.

व्हिएतनामकडे वळले ते आवड म्हणून वगैरे नाही, तिथला नियम वाचला म्हणून. २०१८ मध्ये त्यांच्या शिक्षण मंत्रालयाने लँग्वेज सेंटर्ससाठी एक सर्क्युलर काढलं, त्यात नॉन-नेटिव्ह माणसासाठी सरळ लिहिलंय: कॉलेजची डिग्री, शिकवण्याचं सर्टिफिकेट, आणि भाषेची लेव्हल त्यांच्या सहा पायऱ्यांच्या फ्रेमवर्कमध्ये किमान पाचवी, म्हणजे युरोपियन मोजपट्टीवर ज्याला सी१ (ॲडव्हान्स्ड) म्हणतात ती. नेटिव्हला यातली तिसरी गोष्ट लागत नाही, बाकीच्या दोन त्यालाही लागतात. म्हणजे कायद्याने दार उघडं आहे, फक्त माझ्या बाजूला एक कागद जास्त. हे मला पटण्यासारखं वाटलं, निदान कुठे काय कमी पडतंय ते कळतं तरी.

आता सर्टिफिकेट. इंटरनेटवर वीकेंडला घरबसल्या मिळणारे १२० तासांचे टेफल (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचे) कोर्स ढिगाने आहेत, त्यातल्या बऱ्याच कोर्समध्ये एकही खरा विद्यार्थी समोर येत नाही. व्हिसापुरता तो कागद काही देशांत चालतो. पण माझं म्हणणं असं की 'अदर' मधून येणाऱ्या माणसाने तिथे पैसे वाचवू नयेत. मी केंब्रिजचं सेल्टा केलं. त्यालाही १२० तासच, पण त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं असतं, दोन वेगवेगळ्या लेव्हल्सना, आणि ट्रेनर मागे बसून सगळं लिहून घेत असतो. शिवाय चार लेखी असाइनमेंट. २०२० नंतर हे पूर्ण ऑनलाइनही करता येतं, मी तसंच केलं, प्रॅक्टिसचे विद्यार्थी झूमवर.

ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूला ट्रेनरने ॲक्सेंटबद्दल एक शब्द विचारला नाही. तिने विचारलं की 'आय हॅव लॉस्ट माय की' आणि 'आय लॉस्ट माय की' यातला फरक नवशिक्या विद्यार्थ्याला कसा समजावशील. मी आपली सुरू झाले, प्रेझेंट परफेक्ट म्हणजे अमुक, सिंपल पास्ट म्हणजे तमुक. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ठीक आहे, आता एकही ग्रामरचा शब्द न वापरता फक्त प्रश्न विचारून समजाव. किल्ली आत्ता माझ्याकडे आहे का? नाही. कधी हरवली ते सांगितलंय का? नाही. महत्त्वाचं काय, कधी हरवली ते की आत्ता दाराबाहेर उभी आहे ते? बस, एवढंच. नंतर पूर्ण कोर्सभर हेच चाललं. आपल्याकडे चांगला शिक्षक म्हणजे छान समजावून सांगणारा, आणि इथे माझ्या फीडबॅक शीटवर दर वेळी 'टीचर टॉकिंग टाइम' खाली रेघ मारलेली. मी गप्प बसायला शिकले ते सेल्टामध्ये, घरच्यांना अजून खरं वाटत नाही.

सी१ च्या पुराव्यासाठी आयेल्ट्स दिली. मायग्रेशनसाठी देतात तशीच, वेगळं काही नाही. थोडा राग येत होता हे कबूल, एमए इंग्लिशचा कागद हातात असताना इंग्रजी येतं हे सिद्ध करायला परत परीक्षा का, पण मग म्हटलं जाऊदे, नऊपैकी साडेआठ बँड आला तर दाखवायला तरी होईल. आला. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

कागदपत्रांचा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारा. डिग्रीवर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग व्हिएतनामच्या एम्बसीचा, मग तिकडे गेल्यावर व्हिएतनामी भाषांतर आणि नोटरी. नुसत्या अपॉस्टिलवर, म्हणजे परदेशासाठी कागद खरा असल्याच्या आपल्या सरकारच्या शिक्क्यावर, माझं काम झालं नाही, एम्बसीचं लीगलायझेशन, म्हणजे त्यांचाही शिक्का, लागलंच. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसमधून, आणि तो सहा महिन्यांच्या आतला लागतो, त्यामुळे फार आधी काढून ठेवून उपयोग नाही. सेल्टाचं सर्टिफिकेट केंब्रिजचं म्हणजे ब्रिटनमधलं, त्यामुळे त्याचं लीगलायझेशन ब्रिटनमधून करून आण असं सांगितलं गेलं, ते एका एजंटमार्फत कुरिअरने केलं, ऐन वेळेस हे कळलं असतं तर मी रडलेच असते.

पण खरी डोकेदुखी नावाची. आपल्याकडे डिग्रीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. आयेल्ट्सवर पासपोर्टसारखं. सेल्टावर मी फॉर्म भरताना मधलं नाव टाकलंच नव्हतं. हनोईतल्या सेंटरच्या एचआर बाईंनी चारही कागद शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवला, खाली लिहिलेलं, प्लीज कन्फर्म हाऊ मेनी पीपल. शेवटी एक ॲफिडेव्हिट केलं की या सगळ्या बायका मीच, आणि तेही त्याच शिक्क्यांच्या चक्रातून काढलं. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी तर हे सगळ्यात आधी बघा.

नोकरी शोधणं मात्र कागदांपेक्षा जड गेलं, कारण तिथे नियम कोणी लिहून ठेवलेला नसतो. सरकार म्हणतं सी१ दाखव आणि शिकव, सेंटरचा मालक म्हणतो पालकांना परदेशी चेहरा हवा. एका सेंटरने मला फोनवर ऐकून लगेच हो म्हटलं, "व्हेरी क्लिअर व्हॉइस", आणि पासपोर्टचा स्कॅन गेल्यावर ऑफर केलेला तासाचा दर उतरवला. आवाज तोच होता की! दुसऱ्या एका ठिकाणी माझ्याबरोबर पूर्व युरोपातला एक मुलगा होता, इंग्रजी त्याचीही दुसरीच भाषा, पण गोरा, त्यामुळे ब्रोशरवर फोटो त्याचा आणि प्लेसमेंट टेस्ट, पेपर तपासणं हे आम्हा इंडियन आणि फिलिपिनो टीचर्सकडे. तो बिचारा स्वतःच ओशाळायचा.

नेटिव्ह तोच चांगला शिक्षक हा विचार काही आजचा नाही. १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे कॉमनवेल्थ देशांची इंग्रजी शिकवण्याबद्दल एक परिषद झाली होती, तिथून जी तत्त्वं पुढे चालत आली त्यात आदर्श शिक्षक म्हणजे नेटिव्ह स्पीकर हे एक. भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्ये त्याला 'नेटिव्ह स्पीकर फॅलसी', म्हणजे नेटिव्हबद्दलचा गैरसमज, असं नाव देऊन टाकलं. आणि आपल्याच काश्मीरच्या भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरूंनी त्याच्याही आधी सांगून ठेवलं होतं की भारतासारख्या देशांतलं इंग्रजी हे चुकीचं ब्रिटिश इंग्रजी नाही, ते त्याच्या जागी एक इंग्रजी आहे. सेल्टाच्या असाइनमेंटसाठी हे वाचलं तेव्हा बरं वाटलेलं. पालकांच्या मीटिंगमध्ये अर्थात काचरू उपयोगी पडत नाहीत.

म्हणून ॲक्सेंटबद्दल नीट सांगते, कारण 'ॲक्सेंटचा काही प्रॉब्लेम नसतो' हेही खरं नाही. मी अमेरिकन ॲक्सेंट मारला नाही, 'वॉटर' चं 'वॉडर' केलं नाही, ते दहा मिनिटं टिकतं आणि मुलं पटकन ओळखतात. पण काही गोष्टी सुधाराव्या लागल्या, कारण समोरच्याला कळेना. पहिल्याच आठवड्यात मी 'पिन' म्हटलं आणि पोरांनी वहीत 'बी' काढून 'बिन' लिहिलं, अख्ख्या वर्गाने. कारण साधं आहे, इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क मध्ये हवा सुटते, आपल्या प मध्ये ती नसते, आणि ज्याच्या कानाला ती हवा ऐकायची सवय लागलीय त्याला आपला प ब सारखा ऐकू येतो. मग मी रोज तोंडासमोर कागदाची पट्टी धरून बसायचे, 'पिन' म्हटल्यावर पट्टी हलली पाहिजे, 'स्पिन' ला नाही हलली तरी चालेल. मराठीत प आणि फ, ट आणि ठ हे वेगळे आहेतच, त्यामुळे एकदा कळलं की आपल्याला हे पटकन जमतं, फक्त फ चा ओठ-दातवाला 'एफ' करायचा नाही.

दुसरं म्हणजे व आणि डब्ल्यू, 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' एकच करतो आपण. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, शब्दातला जोर. 'हॉटेल', 'डेव्हलप', 'इव्हेंट' सगळीकडे आपण पहिल्या अक्षरावर जोर देतो, इंग्रजीत तो पुढच्या अक्षरावर असतो. तो चुकला की समोरचा गोंधळतो, बाकी 'थ' जिभेने दातावर मारला काय आणि नीट काढला काय, कोणाचं काही अडत नाही. भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेनकिन्स यांनी २००० च्या सुमारास नॉन-नेटिव्ह लोक आपापसात इंग्रजी बोलताना नक्की कुठे अडखळतात ते तपासून काढलं होतं, त्यातही प-ट-क मधली हवा 'हवीच' मध्ये आणि 'थ' 'नसला तरी चालेल' मध्ये आहे. मी तीच यादी समोर ठेवून स्वतःवर काम केलं, ॲक्सेंट ट्रेनिंगवाल्यांना एक पैसा दिला नाही.

आणि आपली एक जमेची बाजूही आहे हं. व्हिएतनामी मुलं शब्दाचा शेवट गिळतात, 'लाइक', 'लाइफ', 'लाइट' सगळ्याचं 'लाय'. आपण मात्र शेवटचं व्यंजन ठणकावून म्हणतो. माझ्या वर्गातल्या मुलांचे शेवटचे क आणि ट सुधारले ते माझ्या त्या 'जाड' इंडियन ॲक्सेंटमुळेच, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता त्या साडेआठ बँडचं. तिथे आयेल्ट्सचं प्रस्थ भयंकर आहे. ४.० बँड असला तरी बारावीच्या बोर्डातला इंग्रजीचा पेपर माफ होतो, आणि बऱ्याच युनिव्हर्सिटी ॲडमिशनला स्कोअर धरतात, त्यामुळे सेंटरच्या बाहेर बॅनर लागतात ते शिक्षकांच्या स्कोअरचे. फोटो, नाव, आणि फोटोएवढा मोठा आकडा. नेटिव्ह टीचरला दाखवायला हा आकडाच नसतो, त्याने परीक्षा कशाला दिलेली असणार! लहान मुलांच्या वर्गासाठी मला नको म्हणणाऱ्या एका सेंटरने आयेल्ट्स बॅचसाठी स्वतःहून बोलावलं, डेमोला मागच्या बाकावर पालक बसलेले, त्यातल्या एकानेही देश विचारला नाही, रायटिंगमध्ये किती मिळाले आणि कसे मिळाले एवढंच विचारलं. मी माझ्या तयारीच्या वह्या दाखवल्या, खाडाखोडीसकट. नेटिव्हपेक्षा दर अजून थोडा कमीच आहे, पण वाटाघाट करताना माझ्याकडे आता बोलायला काहीतरी असतं.

तेव्हा कोणी निघणार असेल तर माझा क्रम असा: आधी सगळ्या कागदांवरची नावं जुळवा, मग सेल्टा किंवा त्याच्याच तोडीचं ट्रिनिटीचं सर्टिटेसॉल, मग भाषेची परीक्षा, पोलिस क्लिअरन्स सगळ्यात शेवटी. वर्क परमिटचे नियम बदलत असतात, २०२५ च्या ऑगस्टमध्येच नवीन डिक्री (सरकारी हुकूम) लागू झाली, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका, सेंटरच्या एचआरकडून चालू यादी लेखी मागून घ्या. परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं आणि आयेल्ट्सचा निकालही दोनच वर्षं धरतात, म्हणजे रिन्यूअलच्या वेळी परत परीक्षेला बसायची वेळ येऊ शकते. केंब्रिजच्या सी१ ॲडव्हान्स्डला एक्स्पायरी नसते, फक्त ते चालेल का हे आधी एचआरला विचारून घ्या. मी विचारलंय, त्या हो म्हणाल्यात, फॉर्म भरून टाकलाय आणि या वेळी मधल्या नावासकट.