गालात धरून ठेवलेला घास

लेक तेव्हा साडेतीन वर्षांची होती. रात्री दात घासायला बेसिनपाशी नेली, आ कर म्हटलं तर करेचना, शेवटी बघते तर गालात वरणभाताचा गोळा. साडेआठला मी तिचे गाल दाबून कोंबलेला शेवटचा घास तिने दहा वाजेपर्यंत तसाच धरून ठेवला होता. गिळवत नव्हता आणि थुंकला तर आई ओरडेल. ताट रिकामं झालं म्हणून मी खूश होते आणि पोर दीड तास तोंड मिटून बसली होती. मला इतकं भरून आलं ना, तिथेच खाली बसले.

तोवर मी स्वतःला चांगली आई समजायचे कारण मी मारत नव्हते. पण बाकी सगळं चालू होतं, बागुलबुवा येईल, पोलीसकाका नेतील, जा मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि खाल्लंस तर मोबाईल. ही पण जबरदस्तीच, फक्त वळ उठत नाहीत. धाकावर उभ्या राहिलेल्या नात्याचं पुढे काय होतं ते आपल्या पिढीला माहितीये, आपल्यातले कितीतरी जण आजही वडिलांशी फोनवर "जेवलात का, गोळ्या घेतल्या का" याच्या पुढे जाऊ शकत नाहीत.

शाळेत मारायला बंदी आहे, २००९ चा शिक्षण हक्क कायदा, कलम १७, त्यात मानसिक त्रास पण येतो. स्वीडनने तर १९७९ मध्येच घरातल्या मारावर सुद्धा बंदी घातली. आपल्याकडे घराचं दार लावलं की आमचं पोर, आम्ही बघू.

मला खरं शिकायला मिळालं ते बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांच्या कामातून. १९४५ मध्ये आत्ताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू झालं तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. मग त्यांनी बालवाडीच पाड्यावर नेली, कुणाच्या तरी अंगणात, आणि पुढे जवळच्याच कोसबडला गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा! मूल येत नाही तर त्याला ओढून आणा असं नाही, आपण कुठे चुकतोय ते बघा. मी हे वाचून बराच वेळ नुसती बसून होते, कारण मी माझ्या ताटाबद्दल हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता.

आणि हे फक्त लहान मुलांपुरतं नाही. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव घ्या, तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय करत नाही, सर्वसहमतीने करते. एखाद्याला पटलं नाही तर हात वर करून त्याला हरवायचं नाही, थांबायचं, परत बोलायचं. वेळ जातो, जाऊ दे की. याच गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क, मिळाला. मोठी माणसं अख्खं गाव असं चालवू शकतात तर मला एका पोरीचं "नको" का ऐकता येऊ नये?

सगळंच तिच्यावर सोडते असं नाही हं. रस्त्यावर हात सोडायचा नाही, लस घ्यायचीच. पण "काही दुखत नाही" असं खोटं आता सांगत नाही. दुखेल, मी धरून बसते, असं सांगते. ती रडते, पण माझ्याच कुशीत रडते.

सगळ्यात अवघड गेलं ते नातेवाइकांचं. भाऊबीजेला एक काका आले, पप्पी दे, पप्पी दे, आणि ती माझ्या पदरामागे. मी म्हटलं, "काका, राहू दे, तिला नकोय." क्षणभर सगळे गप्प. सासूबाई आत आल्यावर म्हणाल्या, "अगं, त्यांना वाईट वाटलं." मी म्हटलं, "आई, हो, वाटलं असेल. पण आज तिला नको असताना द्यायला लावली तर उद्या कुणी परकं अंगाला हात लावेल तेव्हा ती नाही कशी म्हणेल?" त्या काही बोलल्या नाहीत. नंतर बाहेर जाऊन नातीला विचारलं, "मला देशील का गं पप्पी? नको तर नको." तिने पळत जाऊन दिली.

जेवणाचं म्हणाल तर कोंबणं बंद केल्यावर पहिले चार दिवस ती पोळी-तूप-साखरच खात होती, मला रात्री झोप लागायची नाही. आता ताटात सगळं थोडं थोडं वाढते आणि माझं मी जेवते. काल तिने कारल्याची चकती उचलली, चाटली, परत ठेवली.