कंडक्टर चोर की साव

आमच्या घरात नवराबायकोची भांडणं टॉवेल, गॅस सिलेंडर, कोणाच्या माहेरी किती दिवस वगैरेवरून अजिबात होत नाहीत, आमची होतात ती कंडक्टरवरून. म्हणजे कथेतल्या. मराठी माणूस 1909 पासून दिवाळीत फराळाबरोबर कथा वाचतो, पण लिहिणाऱ्यांची दिवाळी असते ऐन पावसाळ्यात, संपादकांचा जुलैमध्ये फोन येतो आणि आम्ही दोघं एकाच गुगल डॉकमध्ये घुसतो, तो हॉलमध्ये, मी किचनच्या ओट्यापाशी.

स्वीडनमध्ये माय शोवाल आणि पेर वालू म्हणून एक जोडपं होतं, त्यांनी 1965 ते 1975 मध्ये मिळून 10 पोलीस कादंबऱ्या लिहिल्या, पोरं झोपली की रात्री बसायचे आणि एक प्रकरण तिने, एक त्याने. हे वाचून आम्हीही एकदा तसं केलं. माझ्या भागात कंडक्टरला डायबेटिस, ह्याच्या भागात तो जिलबी चापतोय. त्यांनी आधी सगळा आराखडा पक्का ठरवलेला असायचा हे आम्ही वाचलंच नव्हतं नीट.

तर ह्या वर्षीची कथा कराड-चिपळूण गाडीवरच्या, रिटायर व्हायला आलेल्या कंडक्टरची. माझं म्हणणं, त्याने आयुष्यात एकदाच, फक्त एकदाच, पैसे घेऊन तिकीट फाडलेलं नाही आणि ते त्याला अजून टोचतंय. हा म्हणाला नाही, तो असं करणार नाही. म्हटलं का नाही करणार, तुझ्या ओळखीचा आहे का? सजेशन मोडमध्ये मी वाक्य टाकायची, हा रिजेक्ट करायचा, मी परत टाकायची, चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मी चिडून कमेंट केली "कारण दे", तर बाहेरून उत्तरच नाही, नुसता टीव्हीचा आवाज वाढला.

मग माझी ट्यूब पेटली. सासरे. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. मी एका काल्पनिक माणसाला चोर करत होते आणि हा बिचारा बापाची बाजू लढवत होता, आणि ते त्याला स्वतःलाही कळलेलं नव्हतं बहुतेक. (लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मला कळायला पाच दिवस लागले, हे मी इथे हळूच कबूल करते.)

शेवटी अण्णांनाच फोन लावला. म्हटलं अण्णा, कंडक्टरच्या हातून चूक होते ती कशी होते? ते म्हणाले, कमी पडले तर काय, खिशातून भरायचे, वांधा होतो जास्त झाले की. ड्युटीवर चढताना खिशातले स्वतःचे पैसे लिहून द्यायचे असतात, मध्येच चेकिंगवाले चढले आणि बॅगेत हिशोबापेक्षा जास्त निघाले तर तुम्ही चोर. आणि जास्त कसे होतात? सुट्टे नसतात म्हणून तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची, उतरताना घ्या म्हणायचं, आणि एखादी म्हातारी विसरून उतरते. मग काय करायचा तुम्ही, मी विचारलं. ते जरा थांबले, म्हणाले, "एकीला शोधत गेलो होतो. सापडली नाही."

फोन स्पीकरवर होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. माझी टोचणी राहिली, ह्याचा साव राहिला, आणि हे आम्हा दोघांनाही सुचलेलं नव्हतं! त्या रात्री दीड वाजेपर्यंत लिहिलं, ह्याने पावसाचं दीड पान वर्णन घुसवलं ते मी कापलं, तर तक्रारसुद्धा केली नाही. (आम्ही कापलेलं फेकत नाही, 'कातरण' नावाच्या फाईलीत ठेवतो, तेवढ्याने माणूस शांत होतो. त्या फाईलीत आत्ता निव्वळ पाऊस आहे.)

अंक आल्यावर अण्णांनी चष्मा लावून सगळी कथा वाचली, म्हातारीच्या जागी जरा रेंगाळले. मग म्हणाले, "तुमची गाडी कुंभार्ली घाट उतरून चहाला पाटणला थांबते. कराडहून निघालं की पाटण घाटाच्या आधी येतं."

आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे बोट केलं.

रात्री हा झोपल्यावर मी डॉकची व्हर्जन हिस्टरी (कुठलं वाक्य कोणी टाकलं ते त्यात दिसतं) उघडून बघितली. बघितली, आणि गपचूप लॅपटॉप बंद केला.