फोटो मोठा केला की फाटेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो. प्रश्न नेहमी असाच येतो, "या फोटोचं २४ बाय ३६ इंची पोस्टर काढायचंय, ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) आहे, चालेल ना?" आता तो ३०० चा आकडा फाइलमध्ये नुसता लिहिलेला असतो हो. फोटो तोच ठेवून ७२ चा ३०० केलात तर एक पिक्सेलसुद्धा वाढत नाही, डबा तोच आणि लेबल नवीन. बघायचे ते पिक्सेल किती आहेत ते. लांब बाजू ६००० पिक्सेल असेल तर भागिले ३६, म्हणजे इंचाला साधारण १६६. १२ मेगापिक्सेलचा फोटो असेल तर लांब बाजू साधारण ४०००, भागिले ३६, म्हणजे १११. आणि चॅटवरून फिरत फिरत आलेला, लांब बाजू १६०० उरलेला फोटो असेल तर ४४, तो सोडून द्या आणि ज्याने काढलाय त्याच्याकडून ओरिजिनल मागा.

मग ३०० लागतातच का? हातात धरून फूटभरावरून बघायला लागतात, डोळ्याला तेवढं बारीक दिसतं म्हणून. पण तीन फुटांवर गेलात की डोळा शंभरच्या आसपासच थकतो, सहा फुटांवर पन्नासात काम होतं. लोक पोस्टरला नाक लावून बघतातच म्हणा, म्हणून मी घरातल्या भिंतीसाठी १५० धरतो, आणि फोटो चांगला असेल तर १०० ला पण हो म्हणतो.

चांगला म्हणजे शार्प, आणि खरी गोची इथेच आहे, कारण पिक्सेल भरपूर आणि फोटो हललेला हे कॉम्बिनेशन फार कॉमन आहे. मी स्वतः एकदा २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने मंद उजेडात, हातात धरून, शटर १/१५ सेकंद उघडं ठेवून काढलेला पोर्ट्रेट मोठा करून आणला. मोबाइलवर एक नंबर दिसत होता. दिसणारच, सहा इंचाच्या स्क्रीनवर सगळं आक्रसलेलं असतं, ३६ इंचावर तेच हलणं सहापट झालं आणि पापण्या दोन-दोन दिसायला लागल्या. त्याच्याच शेजारी ट्रायपॉडवर काढलेला जुना १२ मेगापिक्सेलवाला लावलाय, तो मस्त दिसतो. तेव्हा आधी कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून फोटोतले डोळे बघा, मग मेगापिक्सेलच्या गप्पा.

शार्पनिंगने फोकस परत येत नाही, स्लायडर ओढत गेलात तर कडांना पांढरी रेघ तेवढी येते. हां, प्रिंटसाठी स्क्रीनपेक्षा थोडं जास्त चालतं कारण कागदात शाई जराशी पसरते, मॅटवर, म्हणजे बिनचकाकीच्या कागदावर, तर जास्तच. एआयने मोठं केलेलं झाडापानांना खपून जातं, पण चेहऱ्यावर ते नसलेले डिटेल्स स्वतःच्या मनाने भरतं आणि मग माणूस ओळखीचा वाटतो पण तो नसतो, मला नाही आवडत.

तरी डाउट असेल तर अख्खा फोटो लहान करून छापू नका, त्यातून काहीच कळत नाही. पोस्टरच्याच साइजला सेट केलेल्या फाइलमधून ८ बाय १० इंचाचा तुकडा कापा, साध्या ए४ वर काढा, भिंतीला चिकटवा आणि जिथून बघणार तिथे जाऊन उभे राहा. तुकडा डोळ्यांचा घ्या, आकाशाचा नको, त्यात शार्प दिसायला काही नसतंच.