तुम्ही विचारलंत म्हणून: आधी लॉगिनचं पान उघडा

“ताई, मला रूबी चांगलं येतं, पण नोकरीच्या साइटवर जिकडे बघावं तिकडे जावा. रूबीवर काम करणाऱ्या कंपन्या तुम्ही शोधल्यात कशा?”

गेल्या रविवारी नांदेडच्या एका मुलीने हे विचारलं. रूबी आणि जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषा. त्याआधी सांगलीच्या एका मुलाने विचारलं होतं, तेव्हा भाषा एलिक्सर होती. फोनवर माझं उत्तर दर वेळी अर्धवट राहतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

सुरुवातीला जाहिरातीवर विसंबून मी फसले होते. पुण्यातल्या त्या कंपनीच्या जाहिरातीत सगळ्यात वर ‘रूबी ऑन रेल्स’ लिहिलेलं होतं. रेल्स म्हणजे रूबीत वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा; अशा सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. रुजू झाले आणि तिसऱ्या आठवड्यात कळलं की सगळी सिस्टिम जावात नव्याने लिहून होत आली आहे. रूबीची बाजू बंद होईपर्यंत ती सांभाळायला कुणीतरी हवं होतं. मनापासून शिकलेली गोष्ट दीड वर्ष मी स्वतःच्या हाताने एकेक फाइल करत काढून टाकली. फार वाईट गेले ते दिवस. तेव्हापासून जाहिरात मी शेवटी वाचते. आज कुणाची गरज आहे एवढंच तिच्यात असतं. कंपनीचं पोट कशावर चालतं ते दुसरीकडे शोधावं लागतं.

कंपनीच्या मुख्य पानावर जाऊ नका. ते बहुतेकदा मार्केटिंगवाल्यांच्या ताब्यात असतं आणि वर्डप्रेसवर, म्हणजे पीएचपी भाषेतल्या तयार सॉफ्टवेअरवर चालतं. त्यावरून ‘ही पीएचपीची कंपनी’ असं ठरवणारी मुलं मी पाहिली आहेत. ग्राहक जिथून आत जातो ते लॉगिनचं पान उघडा, राइट क्लिक करून त्याचा सोर्स, म्हणजे पानामागचा मजकूर बघा. फॉर्म आपल्याच पानावरून आला आहे याची खात्री करायला बहुतेक फ्रेमवर्क त्यात एक लपलेली खूण ठेवतात आणि तिचं नाव ज्याचं त्याचं वेगळं असतं. ‘ऑथेंटिसिटी टोकन’ दिसलं तर जवळजवळ नक्की रेल्स, ‘सीएसआरएफ मिडलवेअर टोकन’ म्हणजे पायथन भाषेतलं जँगो. सोर्सच्या सुरुवातीला येणाऱ्या मेटा टॅगमधल्या नुसत्या ‘सीएसआरएफ टोकन’वर मात्र भरवसा ठेवू नका, तो पीएचपीच्या लाराव्हेलमध्येही असतो. हे सगळं साइट येणाऱ्या प्रत्येकाला आपणहून पाठवते, त्यामुळे वाचायला हरकत नाही. त्याच्या पुढे जाऊन साइटमध्ये शिरायचा प्रयत्न करू नका.

बिल्टविथ आणि वॅपलायझर ही साधनं हेच काम आपोआप करतात, पण ब्राउझरपर्यंत जे पोचतं तेवढंच त्यांना दिसतं. समोर दिसणारा भाग रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्या साधनाने बांधला असेल तर ती रिॲक्ट सांगतील. मागे सर्व्हरवर गो ही भाषा आहे की रूबी, डेटाबेस कोणता, हे बहुतेक वेळा कळणार नाही. स्टॅक ओव्हरफ्लोच्या नोकऱ्यांच्या विभागात तंत्रज्ञानाच्या टॅगवरून थेट शोधता यायचं. तो विभाग 2022 मध्ये बंद झाला आणि आमच्यासारख्यांची मोठी सोय गेली.

म्हणून मला सगळ्यात खात्रीचा वाटतो तो कंपनीने उघडा ठेवलेला कोड. मुंबईची फ्रापे घ्या. तिचं ईआरपीनेक्स्ट हे कंपन्यांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर पायथन, जावास्क्रिप्ट आणि मारियाडीबी या डेटाबेसवर उभं आहे, आणि तो सगळा कोड अर्ज करण्याआधी तुम्ही वाचू शकता. बंगळूरच्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीचे इंजिनिअर आपण गो आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस कसा वापरतो ते जाहीरपणे लिहितात. तिथल्या तंत्रप्रमुखांनी लिहिलेलं लिस्टमंक हे मेलिंग लिस्ट चालवायचं सॉफ्टवेअरही त्याच जोडीवर चालतं. अशा ठिकाणी भाषा कोणती एवढंच बघून परत फिरू नका. शेवटचे बदल कधी झाले? नवख्या माणसाने पाठवलेल्या दुरुस्तीला किती दिवसांनी उत्तर मिळतं आणि कोणत्या शब्दांत? तासभर ही संभाषणं वाचलीत की उद्या आपल्याशी कोण कसं बोलेल याचा अंदाज येतो. एवढं मला एकाही मुलाखतीत कळलेलं नाही.

दुसरी खात्रीची जागा म्हणजे त्या भाषेची परिषद. रूबीकॉन्फ इंडिया 2013 मध्ये पुण्यात झाली, 2014 मध्ये गोव्यात. दोन्हींच्या वक्त्यांची यादी घेऊन प्रत्येकासमोरचं कंपनीचं नाव मी वहीत उतरवलं. कामाचे दिवस देऊन माणसाला रूबीवर बोलायला पाठवणारी कंपनी पुढच्या महिन्यात रूबी सोडत नसते, असा माझा हिशेब होता.

त्या वहीतल्या एका कंपनीची एक जेम, म्हणजे रूबीत जोडून वापरायचा तयार कोड, मी रोज वापरत होते. लेखाच्या शीर्षकावरून त्याच्या पानाचा वेबपत्ता तयार करायचं तिचं काम. शीर्षक मराठी असलं की पत्ता रिकामा यायचा, कारण आत रेल्सचं ‘पॅरामीटराइज’ होतं आणि ते रोमन अक्षरं आणि आकडे सोडून बाकी सगळं गाळतं. ‘नमस्कार’ दिलं तर हाती काहीच उरत नाही. मी देवनागरी टिकेल अशी दुरुस्ती टेस्टसकट, म्हणजे ती बरोबर चालते का ते तपासणाऱ्या कोडसकट पाठवली. तिथल्या एकाने दोन प्रश्न विचारले: जोडाक्षरांचं काय होईल, आणि जुन्या पत्त्यांचं काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दोन रात्री बसून ते शोधलं. तीन महिन्यांनी त्याच टीमला नोकरीसाठी पत्र लिहिलं, तेव्हा ओळख करून द्यावी लागली नाही. आधीच्या कंपनीतल्या दीड वर्षाबद्दलही त्यांना खरं ते सांगितलं.

नांदेडच्या ताई, तुम्ही एक वही घ्या. दहा नावं, प्रत्येकासमोर ते नाव कुठून मिळालं आणि लॉगिनच्या पानावर काय दिसलं ते लिहा. यादी झाली की मला पाठवा. तुम्ही पाठवलेल्या कोडच्या नमुन्यात टेस्ट नव्हत्या, त्या मात्र आजपासून लिहायला घ्या.